जिथं नाळ पुरली : इग्बो घरांच्या वाटेवर सात दिवस

पहिला दिवस, शनिवार

अदिस अबाबाहून निघालेलं विमान नायजेरियातल्या एनुगूवर उतरायला लागलं तेव्हा खिडकीतून पहिल्यांदा दिसली ती माती. जानेवारीचे दिवस. सहाराकडून येणाऱ्या हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्यानं सगळीकडे धूळ धरलेली, तरी त्यातून रस्त्यांचे तांबडे पट्टे उठून दिसत होते. माझं लहानपण रत्नागिरीत गेलं. जांभ्याची माती मला कुठंही ओळखू येते.

मला न्यायला माझा जुना विद्यार्थी आला होता. तो पुण्यात आमच्याकडे वास्तुकला शिकला. दुसऱ्या वर्षाला मी एक काम दिलं होतं : आपल्या घराचा नकाशा आठवणीतून काढा. बाकीच्यांनी खोल्या काढल्या. यानं आधी एक मोठं मोकळं अंगण काढलं, आणि मग त्या अंगणात कडेकडेनं घरं बसवली. मी विचारलं, "यातलं तुझं घर कुठलं?" तो म्हणाला, "मॅडम, हे सगळंच." मग त्यानं सांगितलं की त्याच्या इग्बो समाजाच्या भाषेत कुटुंबाला शब्द आहे 'एझी ना उलॉ', म्हणजे अंगण आणि घर. या दोन शब्दांसाठी मी दहा वर्षांनी नायजेरियात आले आहे.

एनुगू म्हणजे डोंगरमाथा. १९०९ साली इथं दगडी कोळसा सापडला आणि त्याच्या भोवती शहर वाढलं. आम्ही शहरात थांबलो नाही. ओनिचाच्या रस्त्यानं ऑकाकडे निघालो, तिथून आत त्याच्या गावाला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोठमोठी दुमजली-तिमजली घरं होती, खांब, गच्च्या, लोखंडी फाटकं, आणि बहुतेकांना कुलूप. नाताळात ती सगळी भरलेली असतात. लागोस, अबुजा, लंडन, ह्यूस्टन, कुठून कुठून माणसं येतात, आणि जानेवारी लागला की परत जातात.

एवढी घरं कशासाठी, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आकू रुओ उलॉ." संपत्ती घरी पोचली पाहिजे. यामागे युद्ध आहे. १९६७ ते १९७० या काळात बियाफ्राचं, म्हणजे नायजेरियातून फुटून इग्बोंच्या मुलखाचा वेगळा देश करण्यासाठीचं युद्ध झालं. इग्बो माणसांनी दुसऱ्या शहरांत बांधलेली घरं कित्येकांना परत मिळाली नाहीत, आणि बँकेत कितीही ठेव असली तरी खातेदाराच्या हातावर २० पौंड ठेवले गेले. तेव्हापासून ज्याला जमेल तो आधी गावात भिंत उभी करतो. कुलपं बघून सकाळी माझ्या मनात जो नापसंतीचा सूर उठला होता, तो हे ऐकल्यावर मी मागे घेतला.

दुसरा दिवस, रविवार

सकाळी सगळं घर चर्चला गेलं. परतल्यावर त्याच्या वडिलांनी मला ओबीत बोलावलं. गावातले लोक त्यांना 'न्ना आन्यी' म्हणतात, आमचे वडील. निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर लाल टोपी. मी आत शिरले तसे ते म्हणाले, "न्नोओ, अदा म." ये, माझ्या मुली.

ओबी म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाची वेगळी वास्तू. फाटकातून आलं की समोर तीच दिसते. बाकीची घरं तिच्या मागे. पाहुणा आधी इथं येतो. भांडण, सोयरीक, जमिनीचा वाद, सगळं इथंच बोललं जातं. पूर्वी इथंच पूर्वजांची चिन्हं असत, आणि माणसाच्या उजव्या हाताचं बळ सांगणारी शिंगांची लाकडी मूर्ती, इकेंगा. सत्य आणि न्याय यांची खूण असलेली ऑफॉची काठीही इथंच राही. ती हातात धरून खोटं बोलणं म्हणजे स्वतःवर संकट ओढवून घेणं. न्ना आन्यींचा आजचा ओबी सिमेंटचा आहे, भिंतीवर येशूचं चित्र आहे, वर पत्रा आहे. जागा मात्र हललेली नाही. त्यांच्या आजोबांचा मातीचा ओबी जिथं होता, नेमका तिथंच हा.

इथं माणसांची नावंसुद्धा वास्तूवरून पडतात. ओबिएफुना : ओबी हरवू नये. अमाएचिना : घराची वाट बंद होऊ नये. मुलगा झाला की बापानं केलेली ही प्रार्थनाच, जी पुढं जन्मभर त्याला हाक मारताना म्हटली जाते.

मग लाकडी ताटलीत ऑजी आली, कोलाची बी. जो ऑजी आणतो तो आयुष्य आणतो, असं इथं म्हणतात. ताटली आधी सगळ्या पुरुषांसमोरून फिरली, नात्याच्या क्रमानं, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती, आणि शेवटी यजमानाकडे परत आली. न्ना आन्यींनी ती हातात धरून इग्बोत प्रार्थना केली. इग्बोतच करायची, ऑजीला परकी भाषा कळत नाही. माझा विद्यार्थी हळू आवाजात सांगत होता : घारीला बसू दे, गरुडालाही बसू दे, जो दुसऱ्याला बसू देणार नाही त्याचा पंख मोडो. त्यापुढची ओळ माझ्यासाठी होती : पाहुण्यानं यजमानाचं वाईट करू नये, आणि परत जाताना पाहुण्याच्या पाठीला कुबड येऊ नये. या घराचा करार दोन्ही बाजूंचा आहे. मला तो फार नेमका वाटला.

बी फोडली. चार पाकळ्या निघाल्या. एके, ओरिए, आफो, न्क्वो हे त्यांच्या आठवड्याचे चार बाजारदिवस. चार निघाल्या म्हणून सगळे समाधानानं हुंकारले.

ताटली पुरुषांतून फिरताना माझ्यासमोरून आली नाही. बाईला ऑजी दाखवत नाहीत, बाई ती फोडत नाही. खायला तुकडा मिळाला, इतरांइतकाच. मला ते टोचलं, आणि मी तसं विचारलंही. न्ना आन्यी चिडले नाहीत. म्हणाले, "माझ्या आईलाही दाखवत नसत. पण ती तिच्या माहेरी गेली की तिथले पुरुष उठून उभे राहत." घराण्याच्या लग्न होऊन गेलेल्या मुली, उमुआदा, माहेरी एकत्र येऊन न्यायाला बसल्या की त्यांचा शब्द मोडायची छाती कुणाची नसते, हे पुढे दोन-तीन जणांकडून ऐकलं. तरी ताटलीची गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

तिसरा दिवस, सोमवार

आज सगळं बंद. २०२१ साली दक्षिण-पूर्व नायजेरियात सोमवारी घरात बसण्याचा पुकारा सुरू झाला. तो राजकारणाचा, आणि भीतीचाही भाग आहे. दुकानं मिटलेली, रस्त्यावर मोटारसायकलसुद्धा नाही. त्यामुळे दिवसभर मी त्या आवारातच फिरले, आणि या प्रवासातला सगळ्यात भरलेला दिवस हाच ठरला.

ओबीच्या मागे पूर्वी तीन घरं होती. न्ना आन्यींच्या आजोबांना तीन बायका, आणि प्रत्येकीचं घर स्वतंत्र. त्या घराला म्कपुके म्हणतात. तिचं स्वतःचं दार, स्वतःची चूल, स्वतःचा साठा. नवऱ्यानं ते बांधून द्यायचंच. नवरा बायकोच्या घरी जातो, तिच्या चुलीवरचं जेवण त्याच्या ओबीत येतं. मुलं आईच्या घरात वाढतात. त्यामुळे नात्याचे दोन शब्द या दोन वास्तूंवर उभे आहेत : एका ओबीची ती उमुन्ना, बापाची लेकरं, एका म्कपुकेची ती उमुन्ने, आईची लेकरं. उमुन्नात स्पर्धा असते, वाटणीचे तंटे होतात. उमुन्नेत मात्र जीव गुंतलेला. भावंडाला इग्बोत शब्दच आहे 'न्वान्ने', आईचं मूल. आपला 'सहोदर' काय वेगळं सांगतो? फक्त इथं ते उदर मातीच्या भिंतींनी आखून दाखवलेलं.

तिसऱ्या घराची एक भिंत अजून उभी आहे, वर पत्रा टाकून जपलेली. मी तिच्यापाशी तासभर बसले. माती आवारातलीच खणायची, पायानं तुडवायची, हातभर उंचीचा थर घालायचा, तो सुकू द्यायचा, मग त्यावर पुढचा. घाई चालत नाही. ओल्या थरावर दुसरा चढवला की दोन्ही बसतात. भिंत आणि छप्पर पुरुषांचं काम, भिंत घासून गुळगुळीत करणं, तिला रंग देणं बायकांचं. रॅफिया ताडाच्या पानांच्या चटया विणून छपरावर चढवायला भाऊबंद आणि बरोबरीच्या वयाची मंडळी येत. पैसे द्यायचे नसत. जेवण आणि ताडी द्यायची, आणि त्यांच्या घराला आपण जायचं. सिमेंट आणि पत्रा आल्यावर गवंडी आला, मजुरी आली, आणि ही उसनवारी संपली. न्ना आन्यी म्हणाले की त्यांच्या बापाचं छप्पर शाकारायला किती माणसं आली होती ते त्यांना आठवतं. त्यांचा पत्रा कुणी ठोकला ते आठवत नाही.

छपराची कड फार खाली असायची. आत जायचं तर वाकूनच. पाऊस इथं एप्रिल ते ऑक्टोबर कोसळतो, आणि कच्च्या भिंतीला त्यापासून वाचवायचं तर कड खाली आणावीच लागते. मी हे कारण बोलून दाखवलं. न्ना आन्यींनी मान डोलावली आणि म्हणाले, "पाऊस खराच. पण दुसऱ्याच्या घरात ताठ मानेनं कोण शिरतो?" दोन्ही कारणं एकाच कडेत राहू शकतात हे मला वर्गात कधी इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

मागच्या बाजूला ऑबा, सुरणासारख्या मोठ्या कंदाची, यामची वखार. उभ्या काठ्यांना एकेक कंद बांधून ठेवलेला. यामची चोरी हा धरणीविरुद्धचा अपराध मानला जाई, माणसाविरुद्धचा नव्हे. धरणीचं नाव आला. तिला न रुचणाऱ्या गोष्टींची यादी मोठी, आणि गावाचा कायदा म्हणजे मुख्यतः तीच यादी. जमीन तिची, आपण तिच्यावर घर टेकवतो.

कुंपणाला ओगिरिसीची झाडं. फांदी रोवली की जगते, म्हणून हद्दीला तीच लावतात, आणि पवित्रही तीच. आवाराच्या कोपऱ्यात आजी-आजोबांच्या, काका-काकूंच्या समाध्या, फरशी बसवलेल्या. माणूस कुठंही मेला तरी आणून इथं पुरायचा. ओबीपासून पंधरा पावलांवर एक तेलताड आहे. माझा विद्यार्थी त्याच्यापाशी थांबला. "माझी नाळ इथं पुरली आहे, मॅडम. हे झाड माझं." मी चमकलेच. "जिथं नाळ पुरली" असं आमच्याकडेही म्हणतात, हे मी त्याला मराठीत म्हणून दाखवलं. त्याला ते पुण्यातल्या चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ज्या जागेत एका टोकाला नाळ आणि दुसऱ्या टोकाला समाधी आहे, ती विकायची कशी? घर इथं मालमत्तेच्या आधी पत्ता आहे, जन्माचा आणि मरणाचा.

संध्याकाळी मी ओसूंबद्दल विचारलं. विचारायचं की नाही, दिवसभर घोळत होतं. ओसू म्हणजे देवतेला वाहिलेली माणसं आणि त्यांचे वंशज. त्यांची वस्ती देवस्थानाच्या आसपास. त्यांच्याशी सोयरीक नाही, त्यांना घराण्यांच्या मानात जागा नाही. पूर्व प्रांताच्या विधिमंडळानं १९५६ साली कायद्यानं ही प्रथा बंद केली. माझा विद्यार्थी म्हणाला, "कागदावर. माझ्या मित्राचं लग्न मोडलं, मुलीच्या मामांनी चौकशी केली म्हणून." न्ना आन्यी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घारीला बसू दे म्हणतो, आणि हे करतो. आम्ही खोटं बोललो आहोत." गावकुसाबाहेरच्या वस्त्या पाहत वाढलेल्या मला त्यांना काही सुनवायचा अधिकार नव्हता. एवढंच म्हणेन, की इग्बो अंगणाच्या मोकळेपणाचं कौतुक करणाऱ्यानं त्या अंगणात कुणाला पाय ठेवता येत नव्हता तेही लिहिलं पाहिजे.

चौथा दिवस, मंगळवार

ऑकाचे लोहार आणि सुतार जुन्या काळापासून प्रसिद्ध. ओझो ही पदवी मिळवलेल्या माणसाला कोरीव दार लावायचा मान असे. इरोकोच्या जाड फळीवर सगळी भूमिती : त्रिकोण, शंकरपाळी, रेघांचे पट्टे, उन्हात सावली धरतील असे खोल. पैसा असला म्हणून हे दार लागत नाही. पदवी घेताना माणूस आपलं धन पदवीधारकांत आणि गावात वाटतो, भोजनं घालतो, आणि त्यानंतर त्यानं खोटं बोलायचं नसतं. म्हणजे दार सांगतं की या माणसानं किती दिलं. मला हे कोरीव काम मुख्यतः जुन्या छायाचित्रांत आणि एक-दोन फळ्यांवर पाहायला मिळालं; चांगली दारं कधीच परदेशी संग्रहालयांत गेली आहेत.

दुपारी इग्बो-उक्वूला. १९३८च्या सुमारास इसाया अनोझी यांनी घराशेजारी पाण्याची टाकी खणताना काशाच्या वस्तू वर आल्या. थर्स्टन शॉ यांनी १९५९-६० आणि १९६४ मध्ये उत्खनन केलं. हे काम नवव्या-दहाव्या शतकातलं. शंखाच्या आकाराची भांडी, दोरीच्या जाळीत ठेवलेलं सगळंच्या सगळं काशात ओतलेलं मडकं. दीड लाखाहून जास्त मणी. मी मात्र त्या दफनकक्षाच्या चित्रापाशी थांबले. जमिनीखाली लाकडी फळ्यांनी मढवलेली खोली, आणि तीत मान्यवर माणूस बसवलेला, झोपवलेला नव्हे. पाहुणे येतील अशा तयारीत. मरणानंतरही त्याला ओबीत बसवल्यासारखं.

पाचवा दिवस, बुधवार

ओवेरीचा रस्ता लांब आणि खड्ड्यांचा. पण मला म्बारी, म्हणजे देवतेसाठी उभारलेलं मूर्तींचं मातीचं घर, समजून घ्यायची होती.

ओवेरीकडच्या इग्बोंमध्ये गावावर संकट आलं, रोगराई झाली, पीक बुडालं, तर देवता कौल लावून घर मागे. ती बहुधा आलाच, धरणी. मग घराघरांतून निवडलेली माणसं, पुरुष आणि बायका, कुंपणाआड जाऊन राहत आणि काम करत. कधी वर्षभर, कधी त्याहून किती तरी जास्त. माती वारुळाची. तिला काम चालू असताना माती म्हणायचं नाही, याम म्हणायचं. मधोमध बसलेली आला, मांडीवर लेकरू, हातात शस्त्र. शेजारी वीज आणि गर्जनेचा देव अमादिओहा. आणि त्यांच्याभोवती सगळं जग : बाळंतीण, शिंपी, बिबट्या, सायकलवाला, जमिनीतल्या भोकातून वर येणारा गोरा साहेब, आणि उघडपणे न बोलायच्या गोष्टीही. चांगलं तेवढंच ठेवायचं, असा नियम नाही. गावात जे जे आहे, गावाला ज्याची ज्याची भीती आहे, त्या सगळ्याला तिथं जागा. परक्यालासुद्धा मातीत घडवून बसवलं की तो आवाक्यात येतो.

मग कुंपण पाडायचं, मोठा उत्सव करायचा, सगळ्या गावानं येऊन पाहायचं. आणि त्यानंतर त्या घराला हात लावायचा नाही. डागडुजी नाही, पूजा नाही, राखण नाही. पाऊस भिंती धुतो, छप्पर बसतं, मूर्तींचे हात गळतात, आणि काही वर्षांनी वारूळ पुन्हा माती होतं. करणाऱ्यानं "हे मी घडवलं" म्हणायचं नसतं. घडवणारी देवी, आपण तिचे हात. पुन्हा गरज पडली तर पुढची पिढी पुन्हा कुंपणाआड जाईल.

आम्हा मराठी माणसांना गणपती आठवल्याशिवाय राहत नाही. पण फरक आहे. आपण मूर्ती आपल्या हातानं पाण्यात सोडतो, वाजतगाजत, आणि पुढच्या वर्षीचं बोलावणं करूनच परततो. म्बारीला निरोप नसतो. तिला तशीच सोडून माणूस कामाला लागतो, आणि रोज शेतावर जाताना ती कोसळताना बघतो. यासाठी वेगळी छाती लागते. आमच्या विषयात इमारत 'टिकाऊ' असणं हा पहिला गुण. इथं गावानं आपलं सर्वांत मोठं काम टिकवण्यासाठी केलंच नाही. कामाचा उपयोग पूर्ण होण्याच्या दिवशीच संपला होता, कारण उपयोग होता तो एकत्र बसून, नियम पाळून, भांडणं बाजूला ठेवून ते उभं करण्याचा.

ओवेरीच्या म्बारी सांस्कृतिक केंद्रात आज जपलेली, रंगवलेली म्बारी उभी आहे. मुलांच्या सहली येतात. ती नसती तर माझ्यासारखीला काहीच दिसलं नसतं, हे मला कळतं. तरी जी गोष्ट कोसळण्यासाठी होती तिला वर्षानुवर्षं रंग काढत राहणं मला बरोबर वाटत नाही. निदान शेजारी एखादी मातीची करावी आणि पावसावर सोडावी. मुलांना ती बघू द्यावी.

१९६१ साली इबादानमध्ये लेखक-चित्रकारांनी मंडळ काढलं, तेव्हा त्याला 'म्बारी' हे नाव सुचवलं इग्बो कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी.

सहावा दिवस, गुरुवार

न्सुक्काला जाताना नाइन्थ माइलच्या चौकात केळीच्या पानात बांधलेली गरम ओक्पा घेतली. एका कडधान्याच्या पिठाचा वाफवलेला पिवळा गोळा, लाल पामतेल घातलेला. ढोकळ्यापेक्षा घट्ट, आणि पोटभरीचा. तिथून जवळच न्सुदे. जी. आय. जोन्स यांनी १९३५ साली इथल्या दहा मातीच्या पिरॅमिडांची छायाचित्रं घेतली : गोल टप्पे, तळाचा घेर ६० फूट आणि उंची ३ फूट, त्यावर ४५ फूट घेराचा, असे निमुळते होत गेलेले. धरणीचीच देवळं. आज तिथं काही नाही.

न्सुक्काचं विद्यापीठ १९६०चं. युद्धानंतर चित्रकार उचे ओकेके आणि त्यांच्यामागून ओबियोरा उदेचुक्वू यांनी इथं उलीची रेघ कागदावर आणली. उली मुळात बायकांची. झाडाच्या रसानं अंगावर काढायची, आठवडाभर टिकायची. तीच भिंतीवर, तांबड्या, पिवळ्या, पांढऱ्या मातीनं आणि कोळशानं; पावसात पुसली जाई, पाऊस सरल्यावर बायका पुन्हा एकत्र येऊन काढत. ओकेके यांना ती आईकडून मिळाली. माझ्या विद्यार्थ्याच्या मावशीनं मला अंगणात काठीनं काढून दाखवली : अग्वोलाग्वो हे वेटोळं, ओन्वा ही चंद्रकोर. तीन रेघा काढून ती थांबली. मी म्हटलं, एवढी जागा मोकळी? ती म्हणाली, "ती मोकळी नाही. तिथं भिंत आहे."

सातवा दिवस, शुक्रवार

पहाटे निघायचं होतं. न्ना आन्यी ओबीत बसलेच होते. माझा विद्यार्थी आता जांभ्याच्या मातीत थोडं सिमेंट मिसळून विटा पाडतो. वास्तुकार देमास न्वोको यांनी अनेक वर्षांपूर्वी ही वाट धरली, आणि २०२३ साली व्हेनिसच्या वास्तुप्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. जुन्या भिंतीशेजारी मातीचं एक घर बांधायचं त्याच्या मनात आहे. वडिलांना त्यानं ते आदल्या रात्री सांगितलं. त्यांनी एकच विचारलं : "छप्पर घालायला कुणाला बोलावणार?"

मी वाकून निरोप घेतला. त्यांनी पांढऱ्या खडूचा, न्झूचा तुकडा उचलून जमिनीवर रेघा ओढल्या, मग खिशातून एक अखंड ऑजी काढली. ताटली नव्हती, भोवती पुरुष नव्हते. थेट माझ्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली. "घरी पोचली की ही सांगेल कुठून आली ते."

एनुगूपर्यंत मी मूठ उघडली नाही.